वर्गातल्या ‘मॅडम’ : एक प्रकरण अभ्यास

पहिल्या सत्राच्या चौथ्या आठवड्यात प्रोग्रॅमिंगच्या चाचणीत माझ्या वर्गातल्या एका प्रौढ विद्यार्थिनीला वीसपैकी चार गुण मिळाले. तेवढेच गुण मिळालेली वर्गात आणखी तीन मुलं होती. ती तिघं दुसऱ्याच दिवशी माझ्या केबिनमध्ये येऊन भांडली आणि एकेक, दोन-दोन गुण वाढवून घेऊन गेली. त्या आल्या नाहीत. आठवड्याने आल्या त्या प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन, कारण त्यावर मेंटॉरची, म्हणजे माझी, सही लागते.

त्या अर्जापासून पुढच्या तीन सत्रांचं हे प्रकरण आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याकडून चुकलं, ते मात्र गाळलेलं नाही.

पार्श्वभूमी

वय ४३. रसायनशास्त्रात बी.एस्सी., पहिली दोन वर्षं गणित हा जोडविषय. पदवीनंतर चार वर्षं एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत, म्हणजे क्यूसीत नोकरी. मग १८ वर्षांचा खंड: दोन मुलं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण, नवऱ्याच्या बदल्या. आता संगणकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, तोही प्रवेश परीक्षा रीतसर देऊन, बऱ्यापैकी वरच्या क्रमांकाने. वर्गात बाकी सगळे २१ ते २३ वर्षांचे. मी स्वतः या विद्यार्थिनीहून नऊ वर्षांनी लहान.

हा विषय का घेतलात, असं प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं. साधारण अपेक्षित उत्तरं मला पाठ आहेत. त्यांचं वेगळं होतं. “लॅबमध्ये एचपीएलसीच्या, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायच्या, मशीनमधून आलेख यायचा. शिखराखालचं क्षेत्रफळ मशीनच काढून द्यायचं, त्यावर बॅच पास की नापास ते ठरायचं. ते क्षेत्रफळ मशीन नेमकं कसं काढतं असं मी एकदा विचारलं, तर सॉफ्टवेअर काढतं म्हणाले. मला ते सॉफ्टवेअर आतून बघायचंय.” एवढं नेमकं कारण घेऊन आलेला विद्यार्थी मला त्या वर्षी दुसरा भेटला नाही.

पहिलं निदान: गणित विसरल्या असतील

उत्तरपत्रिका काढून पाहिली. अर्धी कोरी. लॉगॅरिदम लागणारा प्रश्न सोडलेला, रिकर्शनचा, म्हणजे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं त्याचा, सोडलेला. बावीस-तेवीस वर्षं गणिताला हात लावलेला नाही, दुसरं काय होणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. अर्जावर सही न करता तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्यांना शनिवारच्या गणिताच्या पूर्वतयारी वर्गाला बसवलं. सहा शनिवार, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर.

सहाव्या शनिवारी वीसपैकी सतरा. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र जिथल्या तिथे.

खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल यांनी १९९१ मध्ये तर थेट शाळेतल्या बीजगणिताचाच मागोवा घेतला. ज्यांनी पुढे कॉलेजात कॅल्क्युलस किंवा त्यावरचं गणित घेतलं होतं, त्यांचं बीजगणित पन्नास-पन्नास वर्षांनीही बरंचसं शाबूत होतं. शाळेत तेवढेच गुण मिळवून पुढे गणित सोडलेल्यांचं मात्र झिजत गेलं. आमच्या विद्यार्थिनीने पदवीला दोन वर्षं कॅल्क्युलस केलेलं. म्हणजे गणित गेलेलं नव्हतंच, वर धूळ बसली होती. मी सहा शनिवार धूळ झटकण्यात घालवले आणि त्यालाच उपचार समजले. त्या काही बोलल्या नाहीत. मॅडमनी सांगितलंय म्हणजे करायचं, एवढंच.

दुसरं निदान: वेळ

हे निदान खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. त्यांना एक आठवडा तासातासाची नोंद ठेवायला सांगितली. पहाटे साडेचार ते सहा, मग रात्री दहानंतर जमेल तसं. मधले सगळे तुकडे: वीस मिनिटं, पस्तीस मिनिटं. “घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे” असं त्या आवर्जून सांगायच्या आणि ते खरंही होतं. पण पाठिंब्याचा अर्थ कुणी आडवं येत नाही, इतकाच होता. कामं कुणी उचललेली नव्हती. नोकरीनंतर घरी सुरू होणाऱ्या दुसऱ्या पाळीचा शब्द समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मध्ये रुळवला. इथे अभ्यास ही तिसरी पाळी होती.

तरीही वेळेने सगळं उलगडत नव्हतं. एक मुलगा रात्रपाळीची नोकरी करून येत होता. त्यालाही वेळ नव्हता आणि त्याचे प्रोग्रॅम चालत होते.

नोंदी काय सांगत होत्या

आमच्याकडे असाइनमेंट गिटवर जमा होतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गिट ही २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिहिलेली प्रणाली. प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो ‘कमिट’ करायचा, सोबत एक ओळ लिहायची, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याचा माग राहतो. आम्ही शिक्षक शेवटचा कमिट तपासतो आणि गुण देतो. त्याआधीचे सहसा कुणी उघडून बघत नाही. मीही बघत नव्हते. पाचव्या असाइनमेंटला, खरं सांगायचं तर उत्तरं ढापली आहेत का ते शोधताना, मी सगळ्यांचा इतिहास उघडला.

मुलांचे वीस, तीस, एकाचे तर पन्नासच्या वर कमिट. सोबतच्या ओळी अशा: ‘आता तरी चाल’, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘देवा’. बहुतेक सगळे संध्याकाळी पाच ते आठमधले, म्हणजे लॅबमध्ये शेजारी शेजारी बसून केलेले.

त्यांचा एक. पहाटे ४ वाजून ५२ मिनिटांनी. ‘असाइनमेंट ५ पूर्ण.’

आतला प्रोग्रॅम वर्गात सगळ्यात सुबक होता. व्हेरिएबलना अर्थपूर्ण नावं, जागोजागी खुलासे. आणि नवव्या ओळीत चूक. पुढच्या ऐंशी ओळी त्या नवव्या ओळीवर उभ्या.

दुसऱ्या दिवशी विचारलं, हे तुम्ही चालवून कधी पाहिलं? “पूर्ण झाल्यावर.” म्हणजे? म्हणजे आधी वहीत हाताने पूर्ण लिहायचं, तपासायचं, मग टाइप करायचं, मग चालवायचं. लाल अक्षरात एरर आला की कुठेतरी मुळातच चुकलंय असं धरून वहीत पुन्हा पहिल्यापासून. एररचा मजकूर वाचता का? नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्या लांबलचक मजकुराची शेवटची ओळ आधी वाचायची असते, तिथे काय बिघडलं ते असतं आणि तिच्या वर कुठे बिघडलं ते. हे मुलांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एकाने दुसऱ्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं होतं. त्यांच्या स्क्रीनवर बोट ठेवणारं कुणी नव्हतं.

“लॅबमध्ये रीडिंग चुकलं की अख्खी बॅच अडकायची,” त्या म्हणाल्या. “चौकशी लागायची. एकदाच करायचं आणि बरोबर करायचं, ही सवयच लागली. घरी मुलगा म्हणतो, आई, रन करून बघ ना. तो आला की मी लॅपटॉप मिटते.”

प्रौढ शिक्षणात माल्कम नोल्स यांचं नाव घेतलं जातं आणि त्यांचा एक मुद्दा सगळीकडे उद्धृत होतो: प्रौढ विद्यार्थी अनुभवाची शिदोरी घेऊन येतो. खरंच आहे. पण अनुभव निवडून आणता येत नाही, तो त्याच्या धाकासकट येतो. क्यूसीत ज्या सवयीने त्यांना नाव मिळवून दिलं, तीच सवय प्रोग्रॅमिंगमध्ये गळ्याशी आली होती.

इथे मला एक सिद्धांत चिकटवायचा मोह झाला होता, तेही नोंदवते. ‘मुलींना गणित कमी येतं’ या समजाची आठवण करून दिली की चाचणीत स्त्रियांची कामगिरी घसरते, असं स्पेन्सर, स्टील आणि क्विन यांच्या १९९९ च्या प्रयोगांत दिसलं होतं. नंतरच्या काही मोठ्या पुनर्प्रयोगांत तो परिणाम सापडला नाही, त्यामुळे सावध राहायला हवं. मी त्यांनाच विचारलं. “बायकांना जमत नाही असं मला कधी वाटलंच नाही हो,” त्या म्हणाल्या, “वर्गात मुली पुढेच आहेत की. मला वाटलं, मला जमत नाही.”

तू आणि तुम्ही

या प्रकरणातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हा आहे.

वर्गातल्या बाकी सगळ्यांना मी ‘तू’ म्हणते. लॅबमध्ये फिरताना सहज तोंडातून जातं, “अरे, हे काय केलंयस? लूप संपणारच नाही हा.” पोरगं हसतं, डोकं खाजवतं, दुरुस्त करतं. त्यांना ‘तू’ म्हणणं मला शक्य नव्हतं. आणि ‘तुम्ही’ म्हटल्यावर पुढचं वाक्यच बदलतं. “छान लिहिलंय. इथे फक्त जरा बघून घ्या.” लूप, म्हणजे त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, त्यांचाही संपणार नव्हता, पण मी ते म्हटलं नाही. जरा बघून घ्या, एवढ्यावर त्या काय बघणार होत्या?

मुलं त्यांना ‘मॅडम’ म्हणत, मलाही ‘मॅडम’. त्या मला ‘मॅडम’ म्हणत. कधीकधी कॉरिडॉरमध्ये हाक आली की आम्ही दोघी वळायचो. कुणी त्यांच्याशी उद्धट वागलं नाही. खुर्ची द्यायचे, गटात घ्यायचे, वर गटातलं टायपिंग आणि सादरीकरणाची पानं त्यांच्याकडे द्यायचे, म्हणजे ‘मॅडमना त्रास नको’. आपलं फसलेलं, अर्धवट, लाजिरवाणं काम कुणी त्यांना दाखवलं नाही आणि त्यांचं कुणी मागितलं नाही. सगळ्यांनी मिळून, आदरानेच, त्यांना चुकांपासून लांब ठेवलं होतं. प्रोग्रॅमिंग तर चुकांमधूनच शिकतात.

कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी नव्वदच्या दशकात संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. आधीपासून संगणकाशी खेळलेल्या मुलांचा सराव हा ‘उपजत बुद्धी’ समजला जातो आणि सराव नसलेल्या मुली स्वतःला मंद समजू लागतात, असं त्यांना आढळलं. सुरुवातीचे वर्ग अनुभवानुसार वेगळे केले, प्रवेशात आधीच्या सरावाला दिलेलं वजन कमी केलं, आणखीही बदल झाले. तिथलं मुलींचं प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होतं, ते २००० मध्ये ४२ टक्के झालं. माझ्या वर्गातल्या मुलांकडे सराव होताच. वर संध्याकाळी पाच ते आठची लॅबही होती.

नोंदवही

उपाय मला सुचला असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. कमिटचा इतिहास दाखवत मी समजावत होते, हे बघा, मागचं काही पुसलं जात नाही, चुकीचा प्रोग्रॅमसुद्धा राहतो.

“खोडायचं नाही?”

“नाही.”

“मग हे मला येतं.”

प्रयोगशाळेच्या नोंदवहीचा नियम त्यांनी मला सांगितला. चुकीची नोंद खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख आणि कारण. “चुकीसाठी कुणी रागवायचं नाही. लपवली तर नोकरी जायची.”

मी त्यांना हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या नोंदवहीतल्या त्या प्रसिद्ध पानाचं छायाचित्र दाखवलं. तारीख ९ सप्टेंबर १९४७, रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, अडकलेला पतंग (उडणारा किडा) पट्टीने पानावर चिकटवलेला, खाली नोंद. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर पुढे ‘बग’ची, म्हणजे संगणकातल्या चुकीची, ही गोष्ट सांगायच्या, त्यामुळे ती आमच्या विषयात सगळ्यांना माहीत असते. विद्यार्थी पतंग बघतात. यांनी बघितलं ते समासात. “वेळ लिहिलीय बघा. पंधरा पंचेचाळीस.”

त्यातून व्यवस्था ठरली. वहीत पूर्ण प्रोग्रॅम लिहायला बंदी. दहा ओळी झाल्या की चालवायचं. प्रत्येक वेळी नोंद: काय होईल असं वाटलं, काय झालं, कारण. रात्री चालवलेल्याला क्रमांक, वेळ. दर सोमवारी मी प्रोग्रॅम न बघता ही नोंदवही बघणार. पहिल्या आठवड्यात अकरा नोंदी आल्या. चौथ्या आठवड्यात मोजायचं सोडून दिलं.

दोन गोष्टी आणखी. एक, त्यांनीच मला सांगितलं, “चुकलं तर चुकलं म्हणा.” ‘तुम्ही’ राहिलं, ‘जरा’ गेलं. दुसरं, रात्रपाळीवाल्या त्या मुलालाही संध्याकाळची लॅब जमत नसे, म्हणून दोघांना दुपारी पाऊण तास एक संगणक दिला. तो त्यांना ताई म्हणू लागला. मॅडमची चूक काढता येत नाही, ताईची येते. तिसऱ्याच दिवशी मी दाराबाहेरून ऐकलं, “ताई, काय हे, कंस कोण बंद करणार?”

दुसऱ्या सत्रात त्या पास झाल्या. चमत्कार वगैरे नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय राहिला, तो पुढच्या सत्रात सुटला.

पंच्याऐंशी अंश

तिसऱ्या सत्रात चौघांच्या गटाला रसायनं साठवायच्या थंड खोलीतल्या तापमानाच्या नोंदी मिळाल्या. डीएस१८बी२० नावाचे छोटे, स्वस्त सेन्सर, दर मिनिटाला एक रीडिंग. काम असं की पुढच्या तासाचा अंदाज सांगणारं मॉडेल बांधायचं. खोली आठ अंशांच्या आसपास, पण मधूनच ८५.० असा आकडा. मुलांनी रिवाजाप्रमाणे ते वेडेवाकडे बिंदू काढून टाकले, तिथे आजूबाजूची सरासरी भरली आणि पुढे निघाले.

त्या अडल्या. ८४.९ नाही, ८५.१ नाही, दर वेळी बरोब्बर ८५.०. “दशांशासकट तोच आकडा येतोय म्हणजे हे मोजमाप नाही. मशीन काहीतरी सांगतंय.” गट वैतागला. त्यांनी सेन्सरचं माहितीपत्रक उतरवून घेतलं, तेही सवयीनेच, क्यूसीत उपकरणाचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय हात लावायची पद्धत नव्हती. त्यात होतं: वीजपुरवठा सुरू होताना या सेन्सरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे रीडिंग साठवायच्या जागेत, ८५ अंश हा आकडा मुळातच भरलेला असतो. मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं की तोच मिळतो. आणि पूर्ण अचूकतेचं मोजमाप व्हायला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो.

म्हणजे प्रत्येक ८५ पाशी सेन्सर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. त्यांनी फक्त ८५ वाल्या वेळा वेगळ्या काढल्या. त्या थंड खोलीचा कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या वेळांशी जुळल्या. कॉम्प्रेसर चालू होताना वीज क्षणभर दबत होती. गटाने जे पुसलं होतं, त्यात खोलीच्या वागण्याची सगळ्यात उपयोगी माहिती होती. कॉम्प्रेसरची वेळ मॉडेलमध्ये घातल्यावर अंदाज सुधारला. तो कितीने सुधारला यावर गटाची आणि माझी अजून वादावादी चालू आहे.

त्या आठवड्यातला त्यांचा एक कमिट मी जपून ठेवला आहे: ‘चालत नाही. का ते कळलं.’

त्याच सुमारास त्यांनी ड्रॉवरमधला तो अर्ज मागितला. मला वाटलं फाडतील. त्यांनी माझं पेन घेतलं, मजकुरावर एक आडवी रेघ मारली, खाली सही, तारीख. कारणाच्या जागी लिहिलं: नोंद चुकीची. आणि फाइलला लावा म्हणाल्या.

वेळापत्रक

अशा प्रकरणांत मेरी जॅक्सन यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता, १९५८. दोन मुलांची आई, दिवसा नोकरी, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे गणित-भौतिकीचे वर्ग फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत भरत म्हणून त्यांना शहराकडून परवानगी काढावी लागली. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगतात. मी हल्ली तिच्यातला दुसरा तपशील बघते: ते वर्ग कामाच्या वेळेनंतर भरत होते. ब्रिटनमधल्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे धडे बीबीसीवरून लोक घरी असायच्या वेळेला लागत. कुणीतरी घड्याळ हलवलं होतं.

आमची लॅब आजही दुपारी वर्ग, संध्याकाळी पाच ते आठ मोकळी, सकाळी कुलूप. सकाळी सात ते साडेनऊ उघडी ठेवावी, असं मी दोनदा लिहून दिलं. दोन्ही वेळा एकच शेरा आला: विद्यार्थ्यांकडून मागणी नाही.

चौथ्या सत्राच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच मागणीचा कागद फिरवला. पहिल्या दोन दिवसांत १९ सह्या झाल्या. एक त्यांची, एक पुढच्या तुकडीत आलेल्या ३८ वर्षांच्या बाईंची. बाकी सतरा वर्गातल्या मुलामुलींच्या. कुणी लांबून येतं, कुणी संध्याकाळी शिकवण्या घेतं, आणि सगळ्यात वरची सही रात्रपाळीवाल्या मुलाची आहे.